पडद्यासमोरच्या माणसाला विचारताना : किनवट आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीचे प्रेक्षक-सर्वेक्षण

सार्वजनिक पैशातून चालणारी दूरचित्रवाणी वाहिनी ज्यांच्यासाठी चालवली जाते त्यांना ती उपयोगी पडते का, पडत असेल तर कशासाठी आणि पडत नसेल तर कुठे अडते, हे त्यांनाच पद्धतशीरपणे विचारणे म्हणजे प्रेक्षक-सर्वेक्षण. प्रस्तुत व्याख्यानात या सर्वेक्षणाचा विचार नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, पैनगंगेच्या काठी वसलेल्या किनवट तालुक्याला समोर ठेवून केला आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला तेलंगणातील आदिलाबाद, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग, सागाचे जंगल आणि त्यात विखुरलेल्या गोंड, कोलाम, आंध, परधान व बंजारा वस्त्या असे या तालुक्याचे स्वरूप आहे. मुंबईत किंवा दिल्लीत तयार होणारी प्रश्नावली ज्या प्रेक्षकाची कल्पना करते, तो प्रेक्षक येथे क्वचितच भेटतो, आणि म्हणूनच प्रेक्षकांना विचारण्याच्या रीतीची खरी परीक्षा अशाच तालुक्यात होते. रहिवाशांना विचारलेला प्रश्न हा स्थानिक कारभाराचाच एक भाग आहे आणि त्याचे उत्तर रहिवाशांपुढे परत यावे, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ‘शासकीय स्थानिक वाहिनी’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याने नगर प्रशासनाला असा अधिकार दिला की, शहरात केबलचे जाळे टाकण्याची परवानगी देताना काही वाहिन्या जनतेसाठी, काही शिक्षणासाठी आणि काही नगराच्या कारभारासाठी राखून ठेवण्याची अट त्याने घालावी. कारभाराच्या वाहिनीवर नगरसभेच्या बैठका, अर्थसंकल्पावरील चर्चा, रस्ते व पाणी यांविषयीच्या सूचना दाखवल्या जातात. परवान्याचे नूतनीकरण करताना समाजाच्या केबलविषयक गरजा काय आहेत हे तपासण्याची तरतूदही त्याच कायद्यात असल्यामुळे तेथे रहिवाशांचे सर्वेक्षण हा परवाना-प्रक्रियेचाच एक टप्पा बनला. भारतात याचे थेट प्रतिरूप नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. परंतु या मालमत्तेचा वापर राज्य सरकारांनी किंवा स्थानिक संस्थांनी स्वतःची वाहिनी काढून करावा, हे पुढील धोरणाने मान्य केले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्ये तशी परवानगी देऊ नये अशी शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने राज्यांना व त्यांच्या संस्थांना थेट प्रसारणापासून दूर राहण्याची, तसेच चालू असलेले प्रसारण प्रसार भारतीमार्फत करण्याची सूचना दिली.

त्यामुळे किनवटच्या रहिवाशाला कारभाराची माहिती पडद्यावरून मिळायची, तर ती दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून, केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीवर फिरणाऱ्या सूचनांच्या पट्टीतून, किंवा अलीकडे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्रफितींतून मिळते. स्थानिक प्रशासनाची स्वतःची वाहिनी नसली, तरी रहिवाशाच्या दृष्टीने ही सर्व मिळून एकच गोष्ट आहे: सरकार पडद्यावरून आपल्याशी बोलते. सर्वेक्षण या संपूर्ण बोलण्याविषयी करावे लागेल, एखाद्या वाहिनीच्या क्रमांकाविषयी करून भागणार नाही.

मराठी मुलुखात अशा विचारपुशीला मोठी परंपरा आहे आणि ती दूरचित्रवाणीच्याही आधीची आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोत्यांसाठी वीस कार्यक्रम प्रसारित केले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत त्यासाठी श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. गावातील पंधरा-वीस माणसांनी आठवड्यातून दोनदा रेडिओसमोर एकत्र बसावे, कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, जमल्यास काही ठरवावे आणि उरलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठवावेत, अशी त्याची रचना होती. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांची होती. पाहणीचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी ते पाहिले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक आणि हिंदीतील नाटककार जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

या पाहणीचे दोन विशेष आजही लक्ष वेधून घेतात. पहिला विशेष तुलनेचा होता. श्रोतृमंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशा तीन प्रकारच्या गावांतील लोकांना प्रयोगाआधी व प्रयोगानंतर तेच प्रश्न विचारले गेले, त्यामुळे ज्ञानात पडलेली भर रेडिओमुळे पडली की रेडिओसमोर एकत्र बसून बोलल्यामुळे पडली, हे वेगळे काढता आले. मंडळ असलेल्या गावांत ही भर इतर गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. दुसरा विशेष अधिक मोलाचा आहे. गावांतून आलेल्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांत उत्तर दिले जाई, आणि ज्याने प्रश्न पाठवला त्याला तो आपल्याच गावात, आपल्याच मंडळींसमवेत ऐकता येई. विचारणे आणि सांगणे यांतील अंतर येथे काही दिवसांवर आले होते. पुढील काळातील कितीतरी पाहण्यांचे अहवाल ग्रंथालयांत पोहोचले, पण ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्यापर्यंत परत गेले नाहीत. १९५६ च्या या प्रयोगाचे मोठेपण त्या पार्श्वभूमीवर मनापासून मान्य केले पाहिजे.

मात्र त्या वर्षी किनवट मुंबई राज्यात नव्हते. ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे प्रयोग संपल्यानंतर सहा महिन्यांनी, मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आले. प्रयोगाबाहेर राहण्याचा हा योगायोग पुढेही सुटला नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने इस्रो आणि दूरदर्शन यांनी देशातील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले, तेव्हा त्यासाठी निवडलेली राज्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही होती. मराठवाड्याला लागून असलेल्या गुलबर्ग्यात आणि तेलंगणातील मेदकमध्ये संच लागले, परंतु महाराष्ट्रातील एकही जिल्हा त्यात नव्हता आणि त्या प्रयोगात मराठी कार्यक्रमही नव्हते. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात समाजशास्त्रज्ञांनी प्रसारणापूर्वी, प्रसारण चालू असताना आणि नंतर अशा फेऱ्यांत मुलाखती घेतल्या, तर काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक दीर्घकाळ मुक्काम करून राहिले. प्रश्नावलीत न मावणाऱ्या गोष्टी, म्हणजे संच कोणाच्या अंगणात आहे, तेथे कोण बसू शकते आणि कोण लांब उभे राहते, या त्यांच्या वह्यांत उतरल्या.

त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज येथील कमी शक्तीच्या प्रक्षेपकावरून इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने चालवलेला प्रकल्प तर स्थानिक वाहिनीच्या कल्पनेच्या अगदी जवळ जातो. तेथे संशोधक हे निर्मितीच्या चमूचाच भाग होते आणि कार्यक्रम तयार होण्याआधी त्यांनी गावात जाऊन गरज काय आहे ते समजून घ्यायचे, कच्चा कार्यक्रम काही लोकांना दाखवून त्यांना तो कळतो का ते पाहायचे, अशी पद्धत होती. तिला घडणीचे संशोधन म्हणतात, कारण ते कार्यक्रम घडत असतानाच केले जाते. कार्यक्रम संपल्यावर केलेली पाहणी केवळ त्याचा निकाल सांगते. १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळालेला हा प्रकल्प नंतरच्या धोरणात टिकला नाही, आणि देशभर एकाच केंद्रावरून बोलणारे दूरदर्शन हेच सर्वसामान्य चित्र झाले.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र सुरू झाल्यानंतर प्रेक्षकांचा आवाज ज्या मार्गाने परत आला, तो सर्वेक्षणाचा नव्हता. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाभोवती ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली आणि पत्रांतून त्यांनी कार्यक्रमाशी नाते राखले. पत्रव्यवहार हे मौल्यवान साधन होते, पण त्यात जो लिहू शकतो तोच बोलतो. कोलाम पोडावरील, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरील, बाईचे पत्र मुंबईला पोहोचण्याची शक्यता त्यात जवळजवळ नव्हती.

आज प्रेक्षक-मोजणीची मुख्य यंत्रणा बार्क या संस्थेची आहे. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या मापकांवरून कोणती वाहिनी किती पाहिली जाते याचे साप्ताहिक अंदाज ती काढते आणि २०१५ पासून त्यात ग्रामीण घरेही आहेत. जाहिरातीच्या दरासाठी हे अंदाज पुरेसे असतील, परंतु एका तालुक्याविषयी त्यांतून काहीही निश्चित सांगता येत नाही, आणि ज्याला आवश्यक माहिती मिळाली नाही अशा माणसाविषयी तर त्यांत जागाच नाही. शासकीय माहितीचे मोल पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात हे सांगणारा दहा मिनिटांचा कार्यक्रम तालुक्यात शंभरच घरांनी पाहिला आणि त्यांतील चाळीस घरांचे दावे त्यामुळे मार्गी लागले, तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणावा लागेल, मग मापकावर त्याची नोंद शून्य का असेना.

प्रत्यक्ष विचारणेकडे वळल्यावर पहिलाच प्रश्न अवघड आहे, आणि तो वरवर अगदी साधा दिसतो: ‘घरात टीव्ही आहे का?’ २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या ग्रामीण पाहणीत प्रत्येक कुटुंबाला तेरा निकषांवर शून्य ते चार असे गुण दिले गेले होते आणि घरातील टिकाऊ वस्तू हा त्यांतील एक निकष होता. त्यात दूरचित्रवाणी संच मोजला जाई. गुण वाढले की कुटुंब कमी गरीब ठरत असे, आणि यादीतून नाव गेले की घरकुल गेले, स्वस्त धान्याचा दर गेला. ज्या घरांनी ही पाहणी अनुभवली, त्यांच्या दारात हातात कागद घेतलेला अनोळखी माणूस उभा राहून टीव्हीविषयी विचारू लागला, की घरातला कर्ता आधी त्या कागदाकडे पाहतो. ‘आहे, पण बिघडलाय,’ ‘भावाचा आहे, आमचा नाही,’ ‘लाइटच नसते, कशाला बघतो,’ अशी उत्तरे येतात, आणि आतल्या खोलीतून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येत असते. हे खोटे बोलणे नव्हे. हा शासनाशी झालेल्या पूर्वीच्या व्यवहाराचा अनुभव आहे आणि त्या अनुभवाचा आदर सर्वेक्षण करणाऱ्याने केला पाहिजे. त्यासाठी ही पाहणी कोणत्याही लाभार्थी यादीशी जोडलेली नाही हे केवळ तोंडी सांगणे पुरेसे ठरत नाही. प्रश्नावलीवर कुटुंबप्रमुखाचे नाव, शिधापत्रिकेचा क्रमांक आणि आधार क्रमांक यांचे रकानेच असू नयेत, प्रश्नकर्ता तलाठी, ग्रामसेवक किंवा अंगणवाडी सेविका असू नये, आणि सुरुवात वस्तूपासून न करता माहितीपासून करावी. ‘पैनगंगेला पूर येणार हे मागच्या पावसाळ्यात तुम्हाला कुठून कळलं?’ या प्रश्नाला भीती नसते, आणि त्याच्या उत्तरात टीव्ही, भ्रमणध्वनी, दवंडी, मशिदीचा किंवा मंदिराचा भोंगा, शेजारी, यांपैकी जे खरे असेल ते आपोआप येते.

दुसरी अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि कोलामी बोलणारे सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार नोंदले गेले, तर लमाणी किंवा लंबाडी म्हणून नोंदले गेलेले सुमारे बत्तीस लाख पंचाहत्तर हजार लोक हिंदीच्या शीर्षकाखाली मोजले गेले. किनवटच्या बंजारा तांड्यावर घरात गोरमाटी बोलली जाते, शाळेत आणि बाजारात मराठी, कामासाठी सीमेपलीकडे गेल्यावर तेलुगू. शहरातील काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू. अशा ठिकाणी ‘तुमची भाषा कोणती?’ हा एकच प्रश्न विचारून एकच चौकट भरून घेणारी प्रश्नावली उत्तर नोंदवण्याआधीच ते कापून टाकते. घरात कोणत्या भाषेत बोलता, बातमी कोणत्या भाषेत समजते आणि सरकारी कागद कोणत्या भाषेत समजत नाही, असे तीन वेगळे प्रश्न आवश्यक आहेत. प्रश्नही लिहून देऊन चालणार नाहीत, ते तोंडी विचारायला हवेत, आणि विचारणारी व्यक्ती त्या त्या भाषेची हवी. कोलाम हा महाराष्ट्रातील कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित आदिम समूहांत गणला जातो; कोलामी जाणणारी तरुण मुले-मुली आज महाविद्यालयांत आहेत, आणि दुभाषा म्हणून नव्हे तर प्रश्नकर्ते म्हणूनच त्यांची नेमणूक व्हावी.

तिसरा मुद्दा नमुन्याचा, म्हणजे सर्वांना विचारणे शक्य नसल्यामुळे निवडलेल्या काही घरांचा. योग्य रीतीने निवडलेल्या ४०० घरांवरून काढलेल्या टक्केवारीत सुमारे पाच टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता असते, आणि हे बहुतेक कामांसाठी चालते. पण ही ४०० घरे तालुक्यातून सरसकट चिठ्ठ्या टाकून काढली आणि त्यांत कोलामांची वीसच घरे आली, तर त्या वीस घरांवरून काढलेल्या टक्केवारीत बावीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे तिच्यावरून काहीच म्हणता येत नाही. यावर उपाय संख्याशास्त्रात जुना आहे: किनवट शहर, नदीकाठची मोठी गावे, तांडे, गोंड वस्त्या आणि कोलाम पोड असे थर करून प्रत्येक थरातून जवळपास सारखी घरे घ्यावीत आणि तालुक्याची एकत्रित टक्केवारी काढताना त्या त्या थराच्या प्रत्यक्ष लोकसंख्येनुसार वजन द्यावे. यात खर्च वाढतो, पण अहवालात सर्वांत लहान समूहाविषयी एक तरी विश्वासार्ह वाक्य लिहिता येते.

वेळेचा प्रश्नही याच थरांशी जोडलेला आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांसाठी किंवा तेलंगणातील कामांसाठी कुटुंबे बाहेर पडली की तांड्यावर कुलपे दिसतात. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपानाच्या दिवसांत माणसे पहाटेच जंगलात असतात. कृषिपंपांना रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात पुरुष शिवारात असतात आणि संध्याकाळच्या बातम्यांची वेळ बाईच्या स्वयंपाकाच्या वेळेशी येते. म्हणून एका महिन्यात उरकलेली पाहणी त्या महिन्याचीच पाहणी असते. पावसाळ्याच्या अखेरीस एक आणि उन्हाळ्यात एक अशा दोन फेऱ्या, प्रत्येक घरात एका पुरुषाइतकीच एका स्त्रीची स्वतंत्र मुलाखत, आणि ‘नेहमी काय पाहता’ याऐवजी ‘काल संध्याकाळी काय पाहिलं’ असा स्मरणात असलेल्या दिवसाचा प्रश्न, यांनी उत्तरे बरीच खरी होतात. नेहमीविषयी विचारले की माणूस जे सांगणे शोभेल ते सांगतो, कालविषयी विचारले की घडले ते सांगतो.

घरातील संचाचा प्रश्न किती निकडीचा असू शकतो, हे २०२० मध्ये दिसून आले. शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलिमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, कारण इंटरनेट नसलेल्या घरात टीव्ही असण्याची शक्यता अधिक होती. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७.२ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. परंतु किनवटच्या कोणत्या वस्तीत संच आहे, कोणत्या घरातील मूल शेजारी जाऊन पाहते आणि कोणाला तेही शक्य नाही, हे वस्तीनिहाय आधीच माहीत असते, तर शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात कोणत्या दारी जायचे ते ठरवता आले असते. तालुक्याची अशी नोंद आपत्तीपूर्वीच तयार असायला हवी, आणि ती तयार करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हेच सर्वेक्षण.

माहिती देण्याचे दायित्व तर कायद्यानेच घातलेले आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने बरीच माहिती मागणीची वाट न पाहता प्रसृत करायची असते, ती करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यायचे असते, आणि ‘प्रसृत करणे’ यात सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा यांच्यासह प्रसारमाध्यमांचाही समावेश आहे. किनवटच्या कोणत्या वस्तीत कोणते माध्यम परिणामकारक आहे, याचे उत्तर कार्यालयात बसून देता येत नाही. या दृष्टीने पाहिल्यास रहिवाशांचे सर्वेक्षण ही हौस राहत नाही, ती कलम ४ च्या पालनाची पूर्वतयारी ठरते. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ‘दिलखुलास’ आणि ‘जय महाराष्ट्र’ हे कार्यक्रम राज्यभरासाठी प्रसारित होतात. त्यांतील कोणता विषय किनवटला हवा होता आणि कोणता आलाच नाही, हे जिल्हा माहिती कार्यालयाला वस्तीनिहाय कळू शकले, तर राज्यस्तरीय कार्यक्रमातही तालुक्याचे स्थान दिसू लागेल.

शेवटी निष्कर्षांच्या परतीचा विचार करायचा. किनवट तालुक्यातील अनुसूचित क्षेत्राच्या गावांना १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा, कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि या नियमांत पाडा किंवा वस्ती यांनाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळून त्यांची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. सर्वेक्षणाचे निष्कर्ष या ग्रामसभेपुढे, त्या वस्तीच्या भाषेत, तोंडी मांडावेत: इतक्या घरांना विचारले, त्यांनी हे सांगितले, त्यातील इतके वाहिनीला करता येईल, इतके येणार नाही, आणि जे करायचे ते कोणत्या महिन्यापासून होईल. ग्रामसभेने ते चुकीचे ठरवल्यास तसे अहवालात नोंदवावे. ही नोंद अहवालाची बदनामी करणारी नाही, ती त्याची पडताळणी आहे. त्यानंतर तेच निष्कर्ष पडद्यावरूनही सांगितले जावेत, म्हणजे ग्रामसभेला न आलेल्या घरापर्यंतही ते पोहोचतील. पुण्याच्या प्रयोगातील मंडळांनी पाठवलेल्या प्रश्नांना पुढील कार्यक्रमांत उत्तर मिळत होते. किनवटमध्ये हे काम प्रत्यक्ष सभेत आणि पडद्यावर, दोन्हीकडे करता येण्याजोगे आहे.

या मुलाखतींत काही उत्तरे अशी येतीलच की ज्यांचा वाहिनीशी काही संबंध नाही. बंधाऱ्याचे पाणी, आश्रमशाळेतील जेवण, बसची बंद झालेली फेरी, तहसीलमध्ये अडकलेला जातीचा दाखला हे विषय प्रश्नकर्त्यापुढे मांडले जातील, कारण अनेक घरांत आस्थेने विचारणारे दुसरे कोणी बऱ्याच दिवसांत आलेले नसते. असे उत्तर विषयांतर म्हणून सोडून देऊ नये. ते वेगळ्या रकान्यात शब्दशः लिहून घ्यावे, घरचे नाव न देता वस्तीच्या नावाने एकत्र करावे आणि तहसील कार्यालय, पंचायत समिती व किनवटचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याकडे पाठवून त्याची पोच ग्रामसभेपुढे ठेवावी. तो रकाना पहिल्याच दिवशी प्रश्नावलीत छापलेला असावा.